पंचगंगेच्या पाणीपातळीची नोंदवही: ओपन सोर्स साधनांनी बांधायचा एक संपूर्ण प्रकल्प

पावसाळ्याचे चार महिने कोल्हापूर जिल्ह्यात पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी हा रोजच्या व्यवहारातला आकडा असतो. ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी. नदी या दोन रेषांच्या कोणत्या बाजूला आहे, यावर सुतारवाड्यातल्या कुटुंबांनी सामान केव्हा हलवायचे, कसबा बावड्याहून शियेकडे जाणारा रस्ता कधीपर्यंत धरायचा आणि नदीकाठच्या गोठ्यातली जनावरे केव्हा वर न्यायची, हे ठरत असते. जिल्हा प्रशासनाचा आपत्ती व्यवस्थापन कक्ष हा आकडा दिवसातून अनेकदा जाहीर करतो, वर्तमानपत्रे तो छापतात आणि मोबाइलवरून तो गावोगाव पोचतो. मात्र या प्रवासात आकड्यासोबतची वेळ गळून पडते आणि सकाळची पातळी रात्रीही ताजी समजून पुढे पाठवली जाते.

या लेखात आपण एक छोटी प्रणाली पायरीपायरीने बांधणार आहोत. प्रत्येक जाहीर पातळी तिच्या वेळेसह आणि स्रोतासह नोंदवणे, तिची छाननी करणे, कमकुवत नेटवर्कवर आणि साध्या फोनवरही उघडेल असे एक पान तयार करणे आणि हे सारे पुढच्या तुकडीच्या हाती सोपवता येईल अशा स्थितीत ठेवणे, एवढी तिची व्याप्ती आहे. पायथॉन ही प्रोग्रामिंग भाषा, एस्क्यूलाइट हा एका फाइलमध्ये मावणारा डेटाबेस, कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारे गिट आणि डेबियन लिनक्स ही संगणक प्रणाली, ही सर्व साधने विनामूल्य मिळतात आणि त्यांचा मूळ कोड कोणालाही वाचता येतो. पदविका किंवा पदवीच्या शेवटच्या वर्षातले दोन-तीन विद्यार्थी एका सत्रात हे काम पूर्ण करू शकतात, पण त्यांनी ते पावसाळ्याच्या आधी, मार्च ते मे या काळात बांधून चाचणीला लावावे.

असा विषय निवडण्यामागे माझे एक ठाम मत आहे. ज्या प्रकल्पातली माहिती काल्पनिक असते, त्यातली चूक कोणाच्याच लक्षात येत नाही आणि म्हणून विद्यार्थ्याला काळजीपूर्वक लिहिण्याचे कारणही मिळत नाही. राजाराम बंधाऱ्याचा आकडा चुकला, तर तो शेजारच्या गल्लीतल्या माणसाला त्याच संध्याकाळी कळेल. कोडपेक्षा अधिक कष्ट एका नोंदीच्या खरेपणावर घ्यावे लागतात, हे अशा कामातूनच शिकायला मिळते.

संगणकाला हात लावण्याआधी

पहिले दोन दिवस कागदावरच काम करा. आदल्या पावसाळ्यातल्या वर्तमानपत्रांतून राजाराम बंधाऱ्याच्या पन्नासेक नोंदी जशा छापल्या आहेत तशाच, एक अक्षरही न बदलता, उतरवून घ्या. ‘३९ फूट ४ इंच’, ‘३९ फुट ४ इंच’, ‘३९.४ फूट’, ‘३९ फुटांवर’, कुठे इंग्रजी अंक तर कुठे देवनागरी अंक, अशी विविधता दिसू लागेल. काही तक्त्यांत पातळी समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्येही असते. कोणती वेळ दिली आहे आणि कोणती गृहीत धरावी लागते, हे प्रत्येक नोंदीपुढे लिहा. ही यादीच पुढे तुमच्या चाचण्यांचा कच्चा माल होणार आहे, म्हणून ती जपून ठेवा.

त्यानंतर प्रणाली काय करणार नाही, हे लिहून काढा. ती स्वतः पुराचा अंदाज वर्तवणार नाही आणि कोणाला स्थलांतराची सूचना देणार नाही. इशारा देण्याचा अधिकार प्रशासनाचा आहे. आपले पान प्रशासनाने जाहीर केलेली पातळी आणि तिची वेळ दाखवेल आणि मदतीसाठी जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक ठळकपणे देईल. ही मर्यादा पानावरही स्पष्ट शब्दांत छापायची आहे.

यंत्र आणि साधने

जुना, चार जीबी मेमरीचा संगणक या कामाला पुरतो. त्यावर डेबियन बसवा. डेबियन १२ मध्ये पायथॉन ३.११ आणि एस्क्यूलाइट ३.४० मिळतात आणि या प्रकल्पाला लागणाऱ्या सर्व सोयी त्यांत आहेत. पायथॉनची पॅकेजे थेट प्रणालीत बसवण्याचा प्रयत्न केला, तर डेबियन १२ तो नाकारते. त्यावर जबरदस्तीचा पर्याय वापरू नका. ‘पायथॉन३-व्हेन्व्ह’ हे पॅकेज बसवा, प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये स्वतंत्र आभासी पर्यावरण, म्हणजे पॅकेजे मूळ प्रणालीपासून वेगळी ठेवणारे फोल्डर, तयार करा आणि साच्यातून पाने बनवणारे जिंजा व चाचण्या चालवणारे पायटेस्ट ही दोन पॅकेजे त्यातच घ्या. एस्क्यूलाइट वापरण्याची सोय पायथॉनच्या सोबतच येते.

फोल्डर तयार होताच, पहिली ओळ लिहिण्याआधी, ‘गिट इनिट’ चालवा. ज्या गोष्टी गिटने सांभाळायच्या नाहीत त्यांची यादी दुर्लक्ष-फाइलमध्ये (.gitignore) घाला: आभासी पर्यावरणाचे फोल्डर, डेटाबेसची फाइल, तयार झालेली पाने आणि कोणतेही पासवर्ड. एकदा कमिट झालेला, म्हणजे गिटच्या इतिहासात नोंदला गेलेला पासवर्ड नंतर पुसला तरी इतिहासात राहतो, त्यामुळे ही फाइल प्रकल्पाच्या पहिल्याच कमिटमध्ये असावी. प्रत्येक कमिटचा संदेश पूर्ण वाक्यात आणि मराठीत लिहायला हरकत नाही. ‘बदल केले’ हा संदेश निरुपयोगी आहे, तर ‘बारा किंवा त्याहून अधिक इंच असलेली नोंद नाकारली’ हा संदेश सहा महिन्यांनीही कामाला येतो.

डेटाबेसची रचना

डेटाबेसमध्ये तीन टेबल पुरेशी आहेत: स्थानके, नोंदी आणि बंधाऱ्यांची स्थिती. स्थानकांच्या टेबलात प्रत्येक ठिकाणाचा छोटा संकेत, प्रचलित नाव, इशारा पातळी आणि धोका पातळी ठेवा. नावावरून ओळख ठरवू नका, कारण एकाच गावाला कागदपत्रांत नृसिंहवाडी, नरसोबाची वाडी आणि नुसते वाडी असेही लिहिलेले सापडेल.

नोंदींच्या टेबलात पुढील कॉलम असावेत: स्थानकाचा संकेत, पातळी घेतल्याची वेळ, पातळी इंचांत, छापील किंवा कळवलेला मूळ मजकूर, स्रोत, नोंद भरणाऱ्याचे टोपणनाव, नोंद भरल्याची वेळ आणि नोंदीची स्थिती. पातळी घेतल्याची वेळ आणि नोंद भरल्याची वेळ हे दोन वेगळे कॉलम कधीही एकत्र करू नका. सकाळी सातची पातळी दुपारी दोनला भरली गेली, तर वाचकाला सातच दिसले पाहिजेत आणि आपल्याला सात तासांचा विलंबही कळला पाहिजे.

टेबल तयार करताना शेवटी ‘स्ट्रिक्ट’ हा शब्द जोडा. ही सोय एस्क्यूलाइटमध्ये २०२१ साली आलेल्या ३.३७ या आवृत्तीपासून आहे. ती मराठी माहितीसाठी इतकी महत्त्वाची का, हे समजून घ्या. साध्या टेबलात पूर्णांकाच्या कॉलममध्ये ‘४७२’ हा देवनागरी अंकांतला मजकूर पाठवला, तर एस्क्यूलाइटला तो आकडा वाटत नाही, पण ते तक्रारही करत नाही आणि मजकूर आहे तसाच साठवून ठेवते. पुढे कमाल पातळी काढताना असा मजकूर सर्व आकड्यांपेक्षा मोठा ठरतो आणि निष्कर्ष बिघडतात. ‘स्ट्रिक्ट’ टेबल अशी नोंद तिथल्या तिथे नाकारते.

आणखी एक बाब सहज निसटते. एस्क्यूलाइटमध्ये परकीय कळीची, म्हणजे फॉरेन कीची तपासणी (नोंदीतला स्थानकाचा संकेत स्थानकांच्या टेबलात खरोखर आहे का, ही) मुळात बंद असते आणि ती प्रत्येक जोडणीच्या सुरुवातीला ‘प्रॅग्मा’ आज्ञेने चालू करावी लागते. डेटाबेस उघडणारे एकच फंक्शन लिहा, ही आज्ञा त्यातच ठेवा आणि प्रकल्पात अन्यत्र कुठेही डेटाबेस थेट उघडू नका.

वेळ सदैव यूटीसीमधील, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेतील, सेकंदांच्या पूर्णांकात साठवा आणि दाखवताना पायथॉनच्या ‘झोनइन्फो’ मॉड्यूलमधून ‘एशिया/कोलकाता’ हा विभाग वापरून भारतीय वेळेत रूपांतर करा. नोंद भरताना चोवीस तासांचे घड्याळ सक्तीचे करा. ‘१२ वाजता’ म्हणजे दुपार की मध्यरात्र, आणि मध्यरात्र असेल तर ती कोणत्या तारखेची, हा गोंधळ पूरकाळात हमखास होतो.

फूट, इंच आणि दशांश चिन्ह

या प्रकल्पाचा गाभा एका फंक्शनात आहे: ते मजकूर घेते आणि इंचांचा पूर्णांक परत देते. बहुतेक विद्यार्थी पातळी दशांश अपूर्णांकात साठवायला जातात आणि तिथेच घात होतो. ‘३९.१०’ असे कोणी लिहिले, तर लिहिणाऱ्याच्या मनात ३९ फूट १० इंच असते, पण संगणकाला ३९.१० आणि ३९.१ यांत फरक दिसत नाही. ३९ फूट १० इंच म्हणजे ४७८ इंच; दशांश धरून ३९.१ फूट म्हणजे सुमारे ४६९ इंच. एका टिंबापायी पाऊण फूट पाणी हिशेबातून नाहीसे झाले. ४२ फूट १० इंच ही पातळी धोका रेषेपासून दोनच इंच खाली असते, पण दशांशाच्या वाचनात तीच जवळजवळ अकरा इंच खाली दिसेल आणि पाहणारा निर्धास्त राहील.

म्हणून नियम असा करावा: पातळी इंचांच्या पूर्णांकातच साठवायची, फूट-इंचांत रूपांतर केवळ दाखवताना करायचे आणि दशांश चिन्ह असलेला मजकूर सरळ नाकारून भरणाऱ्याला ‘फूट आणि इंच वेगळे लिहा’ असे सांगायचे. त्याच्या वतीने अंदाज बांधण्याचा मोह आवरावा. मीटरमधली पातळीही याच कॉलममध्ये घेऊ नये. इशारा आणि धोका यांतले ४ फुटांचे अंतर मीटरमध्ये १.२२ भरते, पण समुद्रसपाटीपासूनची उंची आणि बंधाऱ्यावरचे फूट यांचा शून्य एक नाही.

फंक्शन लिहिण्याआधी त्याच्या चाचण्या लिहा. पायटेस्टमध्ये एकाच चाचणीला अनेक उदाहरणे देण्याची सोय आहे, ती इथे वापरावी. ‘३९ फूट ४ इंच’ यातून ४७२ आले पाहिजेत, ‘४३ फूट’ यातून ५१६, ‘३९ फुट १० इंच’ यातून ऱ्हस्व उकार असूनही ४७८. इंग्रजी अंकांत लिहिलेल्या त्याच नोंदींतून तीच उत्तरे आली पाहिजेत. ‘३९.४’, ‘३९ फूट १२ इंच’, ‘फूट ४’ आणि रिकामा मजकूर यांवर त्रुटी उठली पाहिजे. वर्तमानपत्रांतून उतरवलेल्या सर्व नोंदी या यादीत घाला. सुरुवातीला प्रत्येक चाचणी फसेल आणि ते योग्यच आहे. फंक्शन जसजसे पूर्ण होईल तसतशा त्या उत्तीर्ण होऊ लागतील.

पायथॉन ३ या कामाला फार अनुकूल आहे. त्यातले पूर्णांकात रूपांतर करणारे फंक्शन देवनागरी अंक थेट ओळखते आणि रेग्युलर एक्स्प्रेशनमधली (मजकुरातले नमुने शोधण्याच्या सूत्रातली) अंकाची खूणही मजकुरात देवनागरी अंक शोधते, त्यामुळे अंक बदलण्याचा वेगळा तक्ता लिहावा लागत नाही. जावास्क्रिप्ट असे करत नाही. तिथे ‘३९’ला संख्येत बदलायला गेल्यास ‘संख्या नाही’ हे उत्तर मिळते. म्हणून नोंद भरण्याचा फॉर्म वेब पानावर करायचा असेल, तर रकाना साध्या मजकुराचा ठेवा आणि अर्थ लावण्याचे काम पायथॉनकडेच द्या.

मोबाइलवरून चिकटवलेल्या मराठी मजकुरात डोळ्यांना न दिसणारी शून्य रुंदीची जोडचिन्हे असतात. पातळीचा अर्थ लावताना ती काढून टाकावीत, पण गावांच्या नावांतून काढू नयेत, कारण ‘ऱ्या’सारखे अक्षर काही कळफलकांवर त्याच चिन्हाच्या आधारे लिहिले जाते. नावांसाठी युनिकोडचे एनएफसी सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एका रूपात आणणे, पुरेसे आहे. ‘ऱ’ हे अक्षर एका संकेताने किंवा ‘र’ आणि नुक्ता अशा दोन संकेतांनी लिहिता येते. दोन्ही दिसायला सारखीच, पण संगणकाच्या तुलनेत वेगळी. एनएफसीने ती एकरूप होतात.

शंकास्पद नोंद नाकारायची नाही, थांबवायची

अर्थ लागलेला प्रत्येक आकडा खरा असतोच असे नाही. ३९ ऐवजी ९३ भरले जाणे ही सर्वसाधारण चूक आहे. तिच्यासाठी वरची मर्यादा घालावी असे सुचते, पण मर्यादा किती हा प्रश्न गंभीर आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्याची पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती. त्याआधीच्या अनुभवावरून कोणी मर्यादा ठरवली असती, तर प्रणालीने सर्वांत महत्त्वाच्या दिवशी खरा आकडाच फेटाळला असता.

यासाठी नोंदीच्या स्थितीत ‘ग्राह्य’, ‘तपासणीत’ आणि ‘रद्द’ असे तीन पर्याय ठेवा. मागच्या ग्राह्य नोंदीशी तुलना करून तासाला एका फुटापेक्षा जास्त चढ किंवा उतार दिसला, पातळी ६० फुटांच्या वर गेली किंवा नोंदीची वेळ भविष्यातली निघाली, तर नोंद ‘तपासणीत’ जावी आणि दुसऱ्या माणसाने मूळ स्रोत पाहून ती मोकळी करावी. तासाला एक फूट ही मर्यादा सुरुवातीपुरती आहे. जमवलेल्या जुन्या नोंदींवर ती चालवून पाहा आणि खऱ्या नोंदी वारंवार अडकत असतील तर वाढवा.

चुकीची नोंद दुरुस्त करताना जुना आकडा पुसू नका. जुनी नोंद ‘रद्द’ करा, कारण लिहा आणि नवी नोंद जोडा. एका स्थानकाच्या एका वेळेला एकच ग्राह्य नोंद असावी, ही अट डेटाबेसच पाळू शकतो. त्यासाठी फक्त ‘ग्राह्य’ स्थितीतल्या ओळींवर लागू होणारा अंशतः एकमेव इंडेक्स तयार करा. रद्द झालेल्या नोंदी कितीही असोत, त्या या अटीच्या आड येत नाहीत.

संकेतस्थळांवरून आकडे आपोआप ओढून घेण्याचा कार्यक्रम लिहावा का, असे विद्यार्थी नेहमी विचारतात. माझे उत्तर पहिल्या वर्षापुरते तरी नकारार्थी आहे. पानांची मांडणी न सांगता बदलते, अनेक मराठी पीडीएफ जुन्या बिगर-युनिकोड फाँटमध्ये असतात आणि त्यांतून निघालेला मजकूर वाचता येत नाही. दिवसातल्या मोजक्या नोंदी हाताने भरणे हे टर्मिनलवरच्या एका छोट्या आज्ञेने मिनिटभरात होते, आणि भरणारा माणूस आकडा डोळ्यांनी पाहतो, हा त्याचा मोठा लाभ आहे.

पान: आधीच तयार, हलके आणि प्रामाणिक

पूरकाळात हजारो लोक एकाच वेळी पान उघडतील, वीज आणि नेटवर्क दोन्ही डळमळीत असतील, म्हणून प्रत्येक भेटीला डेटाबेस उघडणारा सर्व्हर टाळा. जिंजाच्या साच्यातून पायथॉनने एक पूर्ण एचटीएमएल पान तयार करून ठेवावे आणि सर्व्हरने फक्त ती फाइल द्यावी. जिंजामध्ये मजकूर सुरक्षित करण्याची स्वयंचलित सोय (ऑटोएस्केप), म्हणजे मजकुरातला कोड चालू न देण्याची सोय, मुळात बंद असते. ती चालू करा, कारण स्रोताच्या रकान्यात कोणीही काहीही लिहू शकतो.

पानाच्या वरच्या भागात पातळी, तिच्याखाली तेवढ्याच ठळक अक्षरांत वेळ आणि स्रोत, मग धोका रेषेपासूनचे अंतर फूट-इंचांत असावे. रंग वापरा, पण अर्थ केवळ रंगावर सोडू नका. ‘इशारा पातळीच्या ७ इंच वर’ असे शब्दांत लिहा. वेगळा फाँट पाठवू नका, आजच्या फोनवर देवनागरी फाँट असतोच. चित्रे, जाहिराती आणि बाहेरून येणाऱ्या स्क्रिप्ट काहीही नको. सर्व मिळून पान पन्नास किलोबाइटच्या आत बसते.

वेळेबाबत एक सूक्ष्म धोका आहे. तयार पानावर ‘दोन तासांपूर्वीची पातळी’ असे छापले आणि त्यानंतर संगणक बंद पडला, तर दुसऱ्या दिवशीही ते पान ‘दोन तासांपूर्वीची’ असेच सांगत राहील. म्हणून पानावर पूर्ण तारीख आणि वेळ छापा. जोडीला पाच-सहा ओळींची जावास्क्रिप्ट ठेवा, जी वाचकाच्या फोनवरच्या घड्याळाशी तुलना करेल आणि नोंद सहा तासांहून जुनी असल्यास आकडा फिकट करून त्यावर ‘ही नोंद जुनी आहे, ताज्या माहितीसाठी १०७७ वर विचारा’ असे दाखवेल. ही जावास्क्रिप्ट चालली नाही तरी छापील तारीख वाचकाच्या समोर राहतेच.

आलेखासाठी बाहेरच्या ग्रंथालयाची (लायब्ररीची, म्हणजे तयार कोड-संचाची) गरज नाही. पायथॉनच्या अनेक आलेख-ग्रंथालयांत देवनागरी जोडाक्षरे तुटून दिसतात, कारण ती अक्षरांची जुळणी करत नाहीत. ब्राउझर ती नीट करतो. म्हणून एसव्हीजीची (मजकुरातून चित्र काढण्याच्या वेब-स्वरूपाची) रेषा पायथॉननेच मजकूर म्हणून लिहावी. एसव्हीजीमध्ये उभा अक्ष वरून खाली वाढतो, त्यामुळे उंचीतून पातळी वजा करावी लागते, नाहीतर चढती नदी उतरती दिसेल. ३९ आणि ४३ फुटांच्या आडव्या रेषा नावांसह काढा. दोन नोंदींमध्ये सहा तासांहून अधिक अंतर असेल तिथे रेषा तोडा. जे मोजलेच नाही ते सरळ रेषेने जोडून दाखवणे म्हणजे माहिती रचणे होय.

आपोआप चालवणे

ठरल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणाऱ्या क्रॉनमध्ये दर दहा मिनिटांनी पान तयार करण्याची नोंद करा. टर्मिनलमध्ये चालणारी आज्ञा क्रॉनमध्ये फसते तेव्हा कारण बहुधा एकच असते: क्रॉनला तुमचे नेहमीचे मार्ग माहीत नसतात. आभासी पर्यावरणातल्या पायथॉनचा आणि तुमच्या फाइलचा पूर्ण मार्ग लिहा आणि त्रुटींचा मजकूर एका लॉग फाइलमध्ये वळवा. क्रॉनच्या ओळीत टक्क्याच्या चिन्हाला वेगळा अर्थ असतो, ते टाळा.

नवे पान थेट जुन्या फाइलवर लिहू नका, कारण लिहिणे चालू असताना कोणी पान उघडले तर त्याला अर्धेच मिळेल. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने लिहा, ते पूर्ण झाले की पायथॉनच्या ‘ओएस’ मॉड्यूलमधल्या ‘रिप्लेस’ फंक्शनने मूळ नाव द्या. एकाच फाइल प्रणालीत हे नामांतर अखंड होते, त्यामुळे वाचकाला एकतर जुने पूर्ण पान मिळते किंवा नवे पूर्ण पान.

बंधाऱ्यांची यादी

पातळीइतकीच लोकांची विचारणा बंधाऱ्यांबद्दल असते. शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड आणि शिरोळ हे पंचगंगेवरचे बंधारे पाण्याखाली गेले की त्यांच्यावरून होणारी वाहतूक थांबते. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे म्हणून राज्यभर ओळखली जाणारी ही रचना इथलीच आहे. पावसाळ्याआधी तिचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढतात आणि पुराचे पाणी तिच्यावरून जाते. बंधाऱ्याच्या स्थितीसाठी ‘पाण्याखाली’ आणि ‘मोकळा’ एवढेच पर्याय आणि बदलाची वेळ ठेवा. पाणी उतरले म्हणजे रस्ता सुरक्षित झाला असे होत नाही, म्हणून ‘रस्ता सुरू’ हा शब्द प्रशासनाने तसे जाहीर केल्याखेरीज वापरू नका.

नकाशा जोडण्याची इच्छा होईल. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाचा सार्वजनिक टाइल सर्व्हर (नकाशाचे तुकडे पुरवणारा संगणक) देणग्यांवर चालतो आणि पूरकाळातली गर्दी त्याच्यावर टाकणे अनुचित आहे. क्यूजीआयएस या विनामूल्य नकाशा-साधनात नदी, बंधारे आणि मुख्य रस्ते एवढेच थर घेऊन एक साधे एसव्हीजी चित्र काढा आणि ओपनस्ट्रीटमॅपच्या योगदात्यांचा श्रेयनिर्देश त्याखाली छापा. त्यांच्या परवान्याची ती अट आहे. एखादा बंधारा नकाशावर नसेल किंवा त्याचे मराठी नाव नसेल, तर स्वतः जाऊन पाहिलेल्या माहितीवरून ते तिथे भरा. दुसऱ्या व्यापारी नकाशावरून उतरवू नका. ओपन सोर्स जगात पहिले योगदान देण्याची ही सर्वांत सोपी आणि उपयुक्त वाट आहे.

राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाज्यांपैकी किती उघडे आहेत, ही माहिती दुसऱ्या वर्षी जोडावी. पहिल्या पावसाळ्यात एकच स्थानक चोख चालले तर पुरेसे आहे.

बॅकअप

चालू डेटाबेसची फाइल सरळ कॉपी करू नका. त्या क्षणी लिहिणे चालू असेल तर प्रत बिघडू शकते. एस्क्यूलाइटची ‘बॅकअप’ आज्ञा किंवा ‘व्हॅक्यूम इन्टू’ वापरा. रोज एक प्रत, तारखेच्या नावाने, आणि ती त्याच इमारतीत नको: पुरात संगणक आणि प्रत दोन्ही एकदम बुडतील असे ठिकाण म्हणजे बॅकअप नव्हे. महिन्यातून एकदा एक प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून तिच्यावरून पान तयार करून पाहा.

परवाना आणि प्रकाशन

परवाना नसलेला कोड सार्वजनिक ठेवला तरी कायद्याने दुसऱ्याला तो वापरता येत नाही. दुसऱ्या जिल्ह्यातल्या कोणालाही तो मोकळेपणाने वापरता यावा असे वाटत असेल, तर एमआयटी परवाना घ्या. सुधारणा करून वितरण करणाऱ्यानेही आपला कोड खुला ठेवावा अशी अट हवी असेल, तर जीपीएलची तिसरी आवृत्ती घ्या. अशा सार्वजनिक उपयोगाच्या कामासाठी मला जीपीएल अधिक योग्य वाटतो. निर्णय सर्व सहकाऱ्यांनी मिळून, पहिल्या प्रकाशनाआधी घ्यावा, कारण नंतर परवाना बदलायचा तर प्रत्येक योगदात्याची संमती लागते.

रिपॉझिटरी, म्हणजे प्रकल्पाचा कोड आणि त्याचा इतिहास, गिटहब या संकेतस्थळावर ठेवता येईल, किंवा फोर्जेओ या ओपन सोर्स प्रणालीवर चालणाऱ्या कोडबर्गवर. परिचय-फाइल (README) मराठीत लिहा आणि तिच्या आरंभी प्रणालीची मर्यादा, मग बसवण्याच्या पायऱ्या, मग चाचण्या चालवण्याची आज्ञा द्या. एकाने लिहिलेला बदल दुसऱ्याने वाचल्याशिवाय मुख्य ब्रँचमध्ये, म्हणजे कोडच्या मूळ प्रवाहात, घेऊ नका, मग तो बदल एका ओळीचा का असेना.

सोपवणूक

शेवटची पायरी मे महिन्याच्या अखेरीस करावयाची आहे. प्रकल्पात नसलेल्या एका विद्यार्थ्याला नवा बसवलेला डेबियन संगणक आणि फक्त रिपॉझिटरीचा पत्ता द्या. त्याने परिचय-फाइल वाचून प्रणाली उभी करावी, चाचण्या चालवाव्यात, कालच्या बॅकअपमधून डेटाबेस परत आणावा, ‘३९ फूट ४ इंच’ अशी चाचणीची नोंद भरून पान तयार करावे आणि मग ती नोंद रद्द करून दाखवावी. तुम्ही जवळ बसा, पण बोलू नका. तो जिथे अडेल किंवा जिथे त्याला तुम्हाला विचारावे लागेल, ती प्रत्येक जागा परिचय-फाइलमधली त्रुटी म्हणून लिहून घ्या, दुरुस्त करा आणि जूनची पहिली पातळी जाहीर होण्याआधी वेगळ्या विद्यार्थ्याकडून हीच परीक्षा पुन्हा घ्या.